चैत्रातली जट

मुक्ता लग्न होऊन आमच्या घरात आली ती तुळशीच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे थंडीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. आम्ही तिला पहिली पाहिली ती थंडीतली. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत तिच्या दहा भाकऱ्या थापून झालेल्या असायच्या. नळावर बायका भांडत असल्या तर ही मधे शिरून दोघींना हसवायची आणि तेवढ्यात आपली घागर भरून घ्यायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत ती लाकडी पाळण्यात लागोपाठ तीनदा बसली आणि उतरल्यावर सासूला म्हणाली, "आत्या, आता तुमी बसा की!" माझी आई बजाबाई कुणाच्या सांगण्यावरून पाळण्यात बसणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी बसली.

घरात आम्ही चौघंच. आई, माझा धाकटा भाऊ महिपती, त्याची ही बायको आणि मी, रंभाबाई. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं, पण वडिलांच्या वेळेपासून सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहतो. महिपती गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. मी विसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले आणि शहरातल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत कामाला लागले. तिथल्या नर्सबाईंनी मला लिहायला शिकवलं, म्हणून हे लिहिते आहे. माझी जीभ तिखट आहे. चाळीत कुणालाही विचारा, पण फार वेळ विचारू नका, ऐकवत नाही ते.

पहिला शिमगा झाला आणि मुक्ता बसली. बसली म्हणजे काय, तर भाकरी करता करता मधेच हात थांबायचा आणि ती चुलीकडे बघत राहायची. जेवण अर्ध्यावर आलं. पहाटे तीनलाच जागी व्हायची, आणि दिवसभर डोळे जडच. हसणं तर कुणी उचलून नेल्यासारखं गेलं. आम्ही म्हटलं, नवी पोर आहे, माहेरची आठवण येत असेल. माहेरी पाठवली. तिथून तिच्या आईचा निरोप आला की पोरीला काय केलंत, ती बोलत नाही. मृग निघाला, आषाढ आला, आणि ही एका सकाळी उठून गुणगुणत भांडी घासायला बसली. आम्ही विसरून गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. अन्न नको, पडून राहणं, मधेच डोळ्यांत पाणी. आईनं चाळभर सांगून टाकलं की सुनेला दिवस गेलेत. शेजारच्या चिमाबाईनं कैऱ्या आणून दिल्या. मी दाईकाम करणारी. मी हात लावून बघितलं आणि आईला म्हटलं, कैऱ्या परत कर. आई माझ्याशीच आठ दिवस बोलली नाही, जणू मीच काही खाऊन टाकलं होतं. तिसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की ही आळशी आहे. उन्हाळा म्हणजे कुरडया, शेवया, पापड, लग्नसराई, पाहुण्यांची रांग. नेमकी तेव्हाच हिला भिंतीकडे तोंड करून झोपायचं असतं काय? थंडीत पडून राहिली असती तर म्हटलं असतं, गारठ्यानं धरलीय. पावसात गप्प झाली असती तर आभाळाला दोष दिला असता. पण बाहेर आंबे आलेत, वाजंत्री वाजतेय, आणि माणूस रडतंय, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात बसेना. मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "तुझं दुखणं लई हुशार हाय गं, कामं बघून येतंय." आज ते वाक्य आठवलं की माझंच तोंड झाकून घ्यावंसं वाटतं.

आता सन एकोणीसशे अठ्ठावीसचा उन्हाळा. तिच्या लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता.

आमच्यात दुपारी उंबऱ्यात बसून एकमेकींचे केस विंचरायची पद्धत आहे. मी दवाखान्यातून दोनला यायचे, भाकरी खायचे, आणि मुक्ता माझ्यापुढं पाठ करून बसायची. तिचे केस दाट, कुरळे, गुडघ्यापर्यंत. करडईचं तेल लावून विंचरायला पाऊण तास लागायचा. तेवढ्या वेळात मी तिला दवाखान्यातल्या गमती सांगायचे आणि ती खांदे हलवून हसायची. त्या वर्षी फाल्गुन लागला आणि ती हसेना. मी सांगतेय, सांगतेय, आणि समोर नुसती पाठ. एक दिवस माझं टाळकं फिरलं. मी फणी भिरकावली आणि म्हटलं, "भिंतीशी बोललं तर भिंत तरी आवाज देती. तुझी तू घाल वेणी. मला काय रोजानं लावलंय?" तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली, ती आपण होऊन येईल म्हणून. ती आली नाही. मग मीही हट्टाला पेटले. ती डोक्यावरून पदर घेऊन वावरायची. पदराखाली काय चाललंय ते कुणी बघितलं नाही, आणि मी बघायचं टाळलं.

पाडवा झाल्यावर चिमाबाईच्या दारात शेवयांचा पाट मांडला होता. एकीच्या शेवया झाल्या की दुसरीच्या, असं साऱ्या चाळीचं चालतं. न जावं तर बोभाटा, म्हणून आईनं मुक्ताला ओढून नेलं. ती खाली वाकली आणि पदर सरकला. डोक्याच्या मागच्या बाजूला केसांचा गुंता होऊन पार गोळा झाला होता, मुठीएवढा, घट्ट.

"अगं बया!" चिमाबाई ओरडली. "हिला जट आलीय!" आणि पिठाचे हात तसेच जोडून तिनं मुक्ताला नमस्कार केला.

जट म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या बाईच्या केसांत जट येते तिला सौंदत्तीच्या यल्लम्मानं बोलावलेलं असतं. जटेला कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही. लावली तर घरावर कोप. आईची एक मावशी होती. तिनं जट कापली आणि वर्षात तिचे डोळे गेले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

आई घरी आली तीच मुळी पायरीवर बसून रडली. तिला सगळ्याचा उलगडा झाला होता. मूल का होत नाही, अन्न का जात नाही, ही दरसाल चैत्रातच का रडते. "आई दरसाल हाका मारत हुती आणि आमी भैरे!" असं म्हणून तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मग मुक्ताच्या गुंत्याला भंडारा लावला. माझी आई वाईट नव्हती. चार वर्षं तिला कारण सापडत नव्हतं, ते आता सापडलं होतं. त्या दिवसापासून ती मुक्ताला एक वाकडा शब्द बोलली नाही. पहिलं ताट तिला वाढायची. उन्हाळ्यात मुक्ताशी घरात कुणी नीट बोललं असेल तर ते त्या आठ-दहा दिवसांत, आणि तेही तिला घालवून द्यायच्या तयारीत.

कारण जट आली म्हणजे पुढचं ठरलेलं. मैंदर्गीची निंगव्वा जोगतीण दर चैत्रात सोलापुरात जोगवा मागायला यायची. आईनं तिला निरोप धाडला की पुनवेला आमच्याकडे ये आणि सुनेच्या गळ्यात देवीचे मणी बांध. मणी बांधले की मुक्ता देवीची. मग डोक्यावर देवीची पाटी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, आणि महिपतीची बायको म्हणून या घरात राहायचं नाही. महिपतीचं दुसरं लग्न करायला आई मोकळी. तसं ती उघड बोलली नाही, पण स्थळ बघायला आपल्या मंगळवेढ्याच्या भावाला पत्र लिहायचं तिनं सांगितलं, ते मलाच सांगितलं. मी ते लिहिलं नाही. दौत सांडली म्हणून सांगितलं.

महिपती एका संध्याकाळी पाळी संपवून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, तू दवाखान्यातली. ही जट न्हाय म्हणून तू सांग की आईला. तुझं ऐकंल ती."

"तू नवरा हायस. तू का सांगत न्हाईस?"

"मला भ्या वाटतं," तो म्हणाला. एवढा सहा फुटी गडी, पण अंगावर कापसाची तुसं चिकटलेली, डोळे ओले. "आणि ती मुक्ता बी काय बोलत न्हाय. तिला जायचंच असंल तर?"

मी त्याला काहीतरी बोलून वाटेला लावलं. खरी गोष्ट अशी की माझीही जीभ, ती एवढी तिखट जीभ, टाळ्याला चिकटली होती. दवाखान्यात मी कार्बोलिकनं हात धुते, पण देवीच्या कोपाला मीही भिते. आणि दुसरं म्हणजे, ती जट नाही, नुसता गुंता आहे, असं म्हटलं असतं तर आई पहिला प्रश्न विचारणार, गुंता होईस्तोवर तू काय करत होतीस? दीड महिना मी काय केलं ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

पुनवेच्या आदल्या दुपारी मी मुक्ताजवळ जाऊन बसले. ती पत्र्याच्या खोलीत, दार लोटून, अंधार करून पडली होती. वर पत्रा उन्हानं तडतडत होता.

"मुक्ता, उद्या निंगव्वा येणार. तुला जायचंय का?"

ती म्हणाली, "नेऊ द्या की वन्सं. हितं तरी माझा काय उपेग हाय?"

"असं का बोलतीस? महिपती रडतोय तिकडं."

"मला म्हाईत हाय. त्येंचं मला लई वाईट वाटायला पायजे. पर वाटत न्हाय." ती छताकडे बघत होती. "वन्सं, उन्हाळा आला की मला काय हुतं ते मलाच कळत न्हाय. समदं हाय तितंच असतं. तुमी, आत्या, हे. पर कशाचंच काय वाटत न्हाय. उजेड नको वाटतो. दिवस उजाडला की वाटतं, अजून येवढा समदा सरायचा हाय. थंडीत मीच असते व्हय हो? ती कोण असती?"

"तूच असतीस की."

"मग हितं कोण हाय?" ती म्हणाली, आणि तिनं कूस बदलली.

मी दवाखान्यात बाया ओरडताना ऐकल्या आहेत, मेलेल्या बघितल्या आहेत. त्या दुपारी पहिल्यांदा मला कळलं की ही पोर आळशी नाही, ढोंगी नाही, ती आजारी आहे, आणि त्या आजाराला नाव नाही म्हणून आम्ही तिला आमच्या सोयीची नावं देत आलो. मला तिचा फार कळवळा आला. तरीही तिच्या डोक्याला हात लावायचं धाडस झालं नाही. भंडारा लावलेला होता त्याला.

पुनवेला सकाळी आठ वाजता निंगव्वा आली. साठीची बाई, काळीसावळी, हाडकुळी, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्या आणि लाल-पांढऱ्या मण्यांच्या माळा. तिची स्वतःची जट कमरेखाली गेलेली, मनगटाएवढी जाड. डोक्यावरची देवीची पाटी तिनं खाली उतरवली, तशी आईनं सवाष्णींना बोलावून पाय धुतले, नारळ ठेवला, नवा खण ठेवला. दारात सगळी चाळ गोळा झाली. महिपती त्या दिवशी खाडा करून घरी राहिला होता आणि कोपऱ्यात उभा होता.

"बा मगळे," निंगव्वा म्हणाली. ती लेकीला म्हणावं तसं कानडीतून मुक्ताला बोलावत होती. "हितं बस. बघू."

मुक्ता जाऊन बसली. निंगव्वानं पदर सारला आणि गुंत्यावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, आता ती देवीचं नाव घेऊन मणी काढणार, पण तिची बोटं हळूहळू गुंत्याच्या आत शिरली, मुळापर्यंत गेली, तिथं थांबली. मग तिनं मुक्ताची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि नीट बघितलं.

"कदीपासनं जेवत न्हाय ही?"

"शिमग्यापासनं," आई म्हणाली. "दरसालचं हाय. चैत्र आला की आई हिला बोलावती."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात बरी असती. थंडीत तर लईच बरी."

निंगव्वानं पुन्हा गुंत्याला हात लावला. "हिचं डोकं कोण विंचरतं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. चिमाबाईनं माझ्याकडे बघितलं. मला पळून जावंसं वाटलं, पण दारात गर्दी होती.

"मी," मी म्हटलं. "मी विंचरत हुते. फाल्गुनात मी रागावले आणि सोडून दिलं. दीड महिना फणी लागली न्हाय तिच्या डोक्याला. ती जट माझ्यामुळं झालीय." आणि एवढं बोलून मला रडू फुटलं, सगळ्या चाळीदेखत.

आईच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. निंगव्वा मला रागावली नाही. ती आईला म्हणाली, "यव्वा, ही जट न्हाय. गुंता हाय. त्याल आण, फणी आण, येक दाभण आण."

आई मागं सरकली. "फणी लावायची? आणि आई कोपली मंजी? माझ्या मावशीचं डोळं..."

"कोपली तर मैंदर्गीला ये म्हणावं. माझं घर तिला ठावं हाय." निंगव्वानं हात पुढं केला. "त्याल."

तेल महिपतीनं आणलं. अख्खी बुधली आणली.

पहिला हात निंगव्वानं घातला. तेल जिरवून दाभणानं एकेक बट सोडवायची, मग मला द्यायची, मी टोकाकडून विंचरायचे. चाळ थोडा वेळ थांबली, मग कंटाळून पांगली, कारण कोप काही येईना. आईनं देवीची पाटी तेवढी उन्हातून सावलीत ठेवली आणि तिच्यापुढं बसून राहिली. बारा वाजले, पत्रा तापला, आमच्या दोघींच्या अंगावरून घाम निथळत होता. मधे एकदा मुक्ताचं डोकं कलंडलं ते माझ्या गुडघ्यावर. बघितलं तर तिला झोप लागली होती. कित्येक दिवसांत तिला दिवसा अशी झोप लागली नव्हती. आम्ही तशीच विंचरत राहिलो.

दुपार कलल्यावर गुंता सुटला. निम्मे केस हातात आले, पण सुटला. निंगव्वानं तेलाचे हात आपल्याच जटेला पुसले आणि पाण्याचा तांब्या मागितला.

"निंगव्वा," मी हळूच विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

तिनं पाणी पिऊन घेतलं. "माझं लेकरू गेलं तवा मी अशीच पडले हुते. वीस वर्साची हुते. तीन महिने उठले न्हाय. सासू लई चांगली हुती. रोज म्हणायची, उद्या विंचरू गं तुझं डोकं. जाऊ म्हणायची, उद्या. मी बी म्हणायची, उद्या." तिनं तांब्या खाली ठेवला. "मग येक दिवस समद्यांनी येऊन नमस्कार केला."

आई ऐकत होती.

"मंजी देवीनं..." मी विचारू लागले.

"देवीला काय बोलू नगंस. चाळीस वर्सं तिनंच मला खायाला घातलं. पर तिनं मला बोलावलं नव्हतं, हे तिला बी ठावं हाय आणि मला बी." ती उठली. आईनं नारळ आणि खण पाटीत घातला. जोगवा म्हणून नेहमीसारखं सूपभर जोंधळे घातले. पाटी डोक्यावर चढवायला महिपतीनं हात लावला, आणि निंगव्वा पुढच्या दारी गेली.

मुक्ता उठून बसली, चहा प्याली आणि पुन्हा पडली.

दुसऱ्या दिवशी मी दोनला दवाखान्यातून आले. ती भिंतीकडे तोंड करून होती, कालच्यासारखीच, परवासारखीच. ऊन होतं तसंच होतं आणि आषाढ अजून अडीच महिने लांब होता. मी तेल घेतलं, फणी घेतली, उंबऱ्यात बसले आणि हाक मारली, "मुक्ता, ये. वेणी घालायची हाय."

"उद्या घाला की वन्सं," ती म्हणाली.

मी आत गेले, तिला दंडाला धरून उठवलं आणि उंबऱ्यात आणून बसवलं.